डावीकडचं बटण

आवाजाचा हा मिक्सर विकायचा नाही. तुम्ही एवढ्या लांबून आलात, तुमचा हिरमोड झाला, कळतंय मला. पण आलाच आहात तर बसा घटकाभर. या खोलीला खिडकी नाही, हा एवढा दिवा आहे, त्यामुळे बाहेर भर दुपार असली तरी आत आपली रात्रच. चहा घ्या. नाही, लगेच तोंडाला लावू नका, भाजेल. त्या लाकडी डब्यासमोर ठेवा कप. हो, तो जुना स्पीकरच आहे. राहू द्या तिथे जरा.

आणि त्या बटणावरची चिकटपट्टी नखानं उचकटून बघू नका, पाया पडतो तुमच्या. रागावलो नाही हो. हात मागे घेतलात ना, मग सांगतो. नाहीतरी कुणाला तरी सांगायलाच हवं आहे.

माझं काम आवाजाचं. जाहिराती, पुस्तकांची वाचनं, शाळांचे समारंभ, जे येईल ते रेकॉर्ड करून द्यायचं. एक दिवस लहान मुलांच्या गोष्टींचं काम आलं. झोपताना ऐकायच्या गोष्टी. निर्मात्याची कल्पना अशी, की हेडफोन लावला की गोष्ट सांगणारी बाई उशाशी बसली आहे असं मुलाला वाटलं पाहिजे. म्हणून दोन माईक लावायचे, एक डाव्या कानासाठी, एक उजव्या. मधे खुर्चीवर बाई बसणार.

पण सगळी मुलं कुठे हेडफोन लावून झोपतात? आई फोन उशीजवळ ठेवून देते, आणि फोनला आवाज निघायची जागा एकच. डावं-उजवं सगळं त्या एकाच भोकातून बाहेर येतं. तिथेही गोष्ट तितकीच नीट ऐकू आली पाहिजे, अशी निर्मात्याची अट होती. रास्त अट आहे. दोन बाजू एकत्र करून ऐकण्याला आम्ही मोनो करून बघणं म्हणतो. हा डबा त्यासाठीच ठेवलाय. एकच स्पीकर, काही लाड नाहीत. यात चांगलं वाजलं तर कुठेही वाजेल.

आता एक गोष्ट समजून घ्या, म्हणजे पुढचं कळेल. आवाज म्हणजे हवेला दिलेला धक्का. आपण बोलतो तेव्हा हवा बाहेर ढकलतो. समजा दोन माईकांपैकी एकाची वायर उलटी जोडली गेली. मग एका बाजूला हवा ढकलली जातेय असं नोंदलं जातं, आणि त्याच क्षणी दुसऱ्या बाजूला ती ओढली जातेय असं. दोन कानांना दोन वेगळे आवाज जात असतात तोवर हे पटकन लक्षात येत नाही. फार तर आवाज नेमका कुठून येतोय ते कळत नाही, डोक्याच्या मागून आल्यासारखा वाटतो. पण दोन्ही बाजू एकत्र केल्या की गंमत होते. दाराला आतून मी जोर लावला आणि बाहेरून तुम्ही तेवढाच लावलात, तर दार हलेल का? तसंच. आवाज नाहीसा होतो.

याला फेज उलटा पडणं म्हणतात, आणि त्यावरचा उपाय अगदी फालतू आहे. कोणत्याही एका बाजूचं फेजचं बटण दाबायचं, दोन्ही बाजू एका दिशेला येतात. डावं दाबा नाहीतर उजवं, कानाला काडीचा फरक कळत नाही. मी हे काम शिकलो तेव्हा माझ्या गुरूनं हेच सांगितलं होतं, आणि पुढे मीही पोरांना हेच शिकवत आलो.

तर गोष्टी वाचणार होती ताई. माझी सख्खी मोठी बहीण. आई गेली तेव्हा मी इतका लहान होतो, की आई म्हटलं की मला ताईचाच चेहरा दिसतो. गरम काही ताटात पडलं की मी हावरटासारखा हात घालणार आणि ती म्हणणार, "थांब रे छोट्या, भाजेल." मग फुंकर घालणार. माझे केस पिकायला लागले तरी माझ्या चहावर फुंकर घालायची तिची सवय काही सुटली नाही. चारचौघांत घालायची. मी ओशाळा व्हायचो, आणि ती खुदकन हसायची.

ताई शाळेत शिकवायची. वर्गाला गोष्ट सांगायला लागली की शेजारच्या वर्गातली मुलं भिंतीला कान लावायची. पुढे शाळाच बंद पडली आणि ती घरी बसली. तेव्हापासून तिचं बोलणं कमी कमी होत गेलं होतं. हे काम मिळालं तेव्हा तिचा चेहरा बघायला हवा होतात तुम्ही. "कुणाला तरी गोष्ट सांगायला मिळणार रे पुन्हा," म्हणाली. "आवाजाशिवाय माझ्याकडे आहे काय दुसरं?" पहिली गोष्ट निर्मात्याला पसंत पडली की पुढचं सगळं काम तिलाच मिळणार होतं. मला ते काम माझ्यासाठी नको होतं, तिच्यासाठी हवं होतं.

घरात आम्ही तिघं. ताई, मी आणि बाबा. बाबांचा डावा कान फार पूर्वी एका तापात गेला तो गेलाच. ठार बहिरा. उजवा मात्र तिखट. नको तो विषय निघाला की बाबा सोयीस्करपणे डावा कान पुढे करायचे, आणि आम्ही दोघं हसायचो.

ही खोली मला मिळाली तीही बाबांच्या कानामुळेच. बाबांचे कानाचे डॉक्टर इथे लोकांची तपासणी करायचे. जाड भिंती, जाड दार, आत चिटपाखराचा आवाज नाही. रोग्यानं त्या काचेपलीकडे एकट्यानं बसायचं, डॉक्टरांनी कानात बारीक बारीक आवाज सोडायचे, आणि ऐकू आला की रोग्यानं बोट वर करायचं. डॉक्टर म्हातारे झाले, त्यांनी दुकान बंद केलं, आणि मी खोली घेतली. मला आयती शांतता मिळाली. बाबांना मात्र ते पसंत नव्हतं. का, ते त्यांनी तेव्हा सांगितलं नाही. खोली बघायला चला म्हटलं तर दारापर्यंत आले आणि उंबऱ्यावरून परत फिरले.

पहिल्या दिवशी ताईनं जी गोष्ट वाचली... काय सांगू तुम्हाला. काचेपलीकडे ती खुर्चीवर बसली होती, दोन्ही बाजूंना माईक, मागे भिंतीवर घड्याळ. मी हेडफोन लावून इथे. एका ठिकाणी तिची जीभ अडखळली, ती थांबली, स्वतःलाच हसली आणि पुढे वाचायला लागली. सबंध गोष्ट एका दमात झाली. आवाज जरा डोक्यामागून येतोय असं वाटत होतं, पण मी म्हटलं, खोली नवी आहे, कानाला सवय नाही.

ताई बाहेर आली. "चालेल ना रे?"

"चालेल काय, धावेल," मी म्हटलं, आणि मोनोचं बटण दाबून आवाज डब्यावर सोडला.

डब्यातून घड्याळाची टिकटिक आली. पान उलटल्याचा आवाज आला. खुर्ची करकरली. आणि ताई... ताई नव्हती. गोष्टच नव्हती. नुसती खोली वाजत होती. मधेच एका ठिकाणी, कशाचाच आगापिछा नसलेलं, छोटंसं हसू आलं आणि विरून गेलं.

"अगं बाई," ताई म्हणाली. "मी मेले की काय?"

आम्ही दोघंही हसलो. मी तिला दाराचं उदाहरण देऊन समजावलं, वायर उलटी असेल म्हणून सांगितलं. वायर बदलली. तिनं पुन्हा वाचलं, पुन्हा तेच. माईकांची अदलाबदल केली. तेच. शेवटी मी स्वतः आत जाऊन खुर्चीवर बसलो आणि तोंडाला येईल ते बडबडलो. बाहेर येऊन ऐकलं तर डब्यावर माझा आवाज ठणठणीत. टाळी ठणठणीत. ताई बसली की मात्र ताई गायब.

तेव्हा मी वायरींचा नाद सोडला. वायर उलटी असेल तर सगळ्यांनाच उलटी असेल. वायरीला माणूस ओळखता येत नाही.

 मशीन जुनं झालंय, उद्या बघू, असं ताईला सांगून मी तिला घरी घेऊन आलो.

संध्याकाळी जेवायला बसलो. ताई बाबांच्या उजव्या हाताला, म्हणजे चांगल्या कानाच्या बाजूला. तिनं विचारलं, "बाबा, वाढू का अजून?" बाबांनी मान वर केली नाही. तिनं पुन्हा विचारलं. मला वाटलं, बाबांची नेहमीची थट्टा चाललीय. मग त्यांनी सहज तिच्याकडे पाहिलं, आणि घास हातातच राहिला.

"ही अशी नुसतं तोंड का हलवतेय?" त्यांनी मला विचारलं.

"बाबा, मी बोलतेय ना..."

"काय झालं हिला? घसा बसला का?"

ताईच्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं त्यांचा हात धरला, उजव्या कानाजवळ तोंड नेलं आणि म्हणाली, "बाबा, मी इथंच आहे ना."

मला शब्द न् शब्द ऐकू आला. पण तो कुठून आला, सांगू? ती माझ्या समोर बसली होती, आणि तिचा आवाज माझ्या मानेमागून आला. बाबांना काहीच ऐकू आलं नाही. त्यांना एकच कान, आणि एका कानावर दोन्ही बाजू एकत्रच येणार... मी ताट सारलं आणि उठलो.

दुसऱ्या दिवशी बाजारातून मी तिला फोन लावला. तिनं उचलला. घरातला नळ ऐकू येत होता, भांडी ऐकू येत होती. तिचा आवाज नाही. मी "हॅलो, हॅलो" करत राहिलो आणि पलीकडे नळ वाहत राहिला. घरी आलो तर ती जमिनीवर बसली होती, फोन मांडीत घेऊन. म्हणाली, "मी बोलले की दुकानदार मागे वळून बघतो आणि दुसऱ्याशीच बोलायला लागतो रे. मी काही मागतेय हे त्याला जाणवतच नाही. आणि दम लागतो. एक वाक्य बोलले की जिना चढल्यासारखा दम लागतो. कुणीतरी समोरून ओढून घेतंय असं वाटतं."

ओढून घेतंय. हा शब्द बाबांनीही वापरला. मी त्या दिवशी त्यांना धरून बसवलं आणि विचारलं, त्या खोलीत तुम्ही पाऊल का टाकत नाही? ते आपल्या बहिऱ्या कानाची पाळी चोळायला लागले.

"डॉक्टरांनी आत बसवलं होतं मला," ते म्हणाले. "आवाज आला की बोट वर करा म्हणाले. उजव्या कानाला आवाज येत होते, मी बोट वर करत होतो. मग म्हणाले, आता डावा. डाव्यात काही येईना. ऐकू आलंच नाही काही. पण... ओढल्यासारखं वाटत होतं. कानाला तोंड लावून कुणीतरी श्वास आत घेतंय... मी बोट वर केलं. डॉक्टर काचेतून बघून म्हणाले, अहो, मी अजून आवाज सोडलाच नाही."

"मग?"

"मग काय. उठून आलो. पण जे होतं ते तिथंच बसलेलं होतं, माझ्या डाव्या हाताला. कुणीतरी बोलायची वाट बघत."

मी सरळ इथे आलो, दार लावून घेतलं आणि ताईचं रेकॉर्डिंग काढलं. आधी नुसती डावी बाजू ऐकली. ताई. तिचा श्वास, तिचे शब्द, तिचं ते अडखळणं, तिचं हसू. मग ती बंद करून नुसती उजवी ऐकली. तोच आवाज, तीच गोष्ट, तोच गोडवा. कुणालाही वाटलं असतं, ताईच आहे. पण मी आयुष्यभर हेच ऐकत आलोय. वाक्य सुरू करण्याआधी माणूस श्वास घेतो. उजवीकडे त्या जागी श्वास सुटत होता. एक लांब, समाधानाचा उसासा... आणि मग शब्द. बाहेर न येता आत जाणारे शब्द. प्रत्येक शब्द कुणीतरी गिळत होतं.

जिथे ताई हसली तिथे उजवीकडे काहीच नव्हतं. हसणं त्याला जमलं नव्हतं. म्हणून डब्यावर तेवढं हसू उरलं होतं.

तुम्ही म्हणाल, ताईला घेऊन पळून का नाही गेलास? सुचलं नाही, खरंच सांगतो. मला जे येतं तेच मला सुचलं. दोन बाजू एकमेकींच्या उलट आहेत, तर एक उलटवायची. रेकॉर्डिंगवर नाही, समोर माणूस बसलेलं असताना. बाकी काही नाही झालं तरी निदान ताईला तिचा आवाज मिळेल. ती आत यायला तयार नव्हती. मी हात जोडले. म्हणालो, "एकदाच वाच, ताई. शेवटचं." भिंतीचा आधार घेत घेत ती आत गेली आणि खुर्चीवर बसली.

ती वाचायला लागली. मी आवाज डब्यावर ठेवला होता. डब्यात नुसतं घड्याळ. काचेपलीकडे तिचे ओठ हलत होते, चेहरा पांढरा पडत चालला होता, आणि तिच्या उजव्या हाताला, जिथे कुणीच नव्हतं, तिथला माईकवरचा पातळ कपडा हळूहळू त्या रिकाम्या बाजूकडे फुगत होता. डाव्या माईकचा कपडा मात्र तिच्या श्वासानं लांब ढकलला जात होता. मी हे बघितलं. हात पुढे केला. उजवीकडचं बटण जुनं, घट्ट बसलेलं, ते कधीच सहज दबत नाही. तेव्हा वेळ कुणाला होता? डावीकडचं हाताशी होतं.

डावीकडचं दाबलं.

घड्याळ बंद पडलं. म्हणजे भिंतीवर काटा फिरत होता, पण डब्यातली टिकटिक गेली. पानांचा आवाज गेला, खुर्चीची करकर गेली; दोन्ही बाजूंना सरळ आलेले हे आवाज आता एकमेकांविरुद्ध लागले होते. आणि डब्यातून ताईचा आवाज आला. स्वच्छ, भरदार, दुप्पट. काचेपलीकडे तिनं पुस्तक मिटलं आणि एक लांब उसासा टाकला. चेहऱ्यावर रंग आला. बाहेर आली ती तरतरीत.

"बरं वाटतंय आता," म्हणाली. आवाज बरोबर तिच्या तोंडातून आला. माझ्या जिवात जीव आला. मी तिला मिठीच मारली, लहान मुलासारखा रडलो. तिनं पाठीवरून हात फिरवला, आणि मला तेव्हा काहीसुद्धा खटकलं नाही.

निर्माता खूश झाला. "इतकं स्वच्छ रेकॉर्डिंग मी ऐकलं नव्हतं," म्हणाला, "मागे कणभर आवाज नाही, नुसत्या ताई."

घरी बाबांनी हाक मारली, तिनं ओ दिली, बाबांना ऐकू आलं. दोघं तासभर बोलत बसले. मी दारात उभा राहून बघत होतो, मन कसं भरून आलं होतं. तेवढ्यात माझ्या लक्षात आलं, की ताई आज बाबांच्या डाव्या हाताला बसली आहे. बहिऱ्या कानाच्या बाजूला.

"बाबा, अहो, त्या कानानं ऐकू येतंय तुम्हाला?"

"हिचं येतं," बाबा हसून म्हणाले. "आता हिचं याही कानानं येतं."

ताईनं चहा आणला. माझ्यासमोर कप ठेवला आणि नेहमीसारखी वाकली. "थांब रे छोट्या, भाजेल," म्हणाली, आणि तिनं ओठांचा चंबू करून फुंकर घातली.

वाफ तिच्याकडे गेली.

मी बघत राहिलो. कपातली वाफ सरळ वर जात होती, ती वाकली, आणि एका धाग्यासारखी तिच्या ओठांत शिरली. चहा निवला नाही. तो अजून उकळता होता. तिनं मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "चारचौघांत काय हे, ताई." एवढंच सुचलं. ती हसली नाही. आमची ताई या वाक्याला हसली नाही असं कधी झालं नव्हतं.

डावं दाबा नाहीतर उजवं. दोन्ही बाजू एका दिशेला येतात, खरंय. पण कुणाच्या दिशेला, ते मला कुणी शिकवलं नव्हतं. उजवं दाबून मी त्या गिळणाऱ्याला ताईसारखं करायला हवं होतं. मी ताईला त्याच्यासारखं केलं.

मी पुन्हा इथे आलो. पहिल्या दिवसाचं जुनं रेकॉर्डिंग काढलं, जसंच्या तसं, काही न उलटवता, आणि डब्यावर सोडलं. घड्याळ वाजलं. पान वाजलं. खुर्ची वाजली. मग ते छोटं हसू. आणि त्याच्या मागून, आधी तिथे कधीच नसलेलं, अगदी बारीक... "बाबा, मी इथंच आहे ना."

ते वाक्य ती या खोलीत कधी बोलली नव्हती. घरी बोलली होती, जेवणाच्या वेळी.

मी डब्याला मिठी मारून ओरडलो, "ताई!"  रेकॉर्डिंग पुढे गेलं, संपलं. मी पुन्हा सुरुवातीपासून लावलं. मी बरोबर चहा आणला होता आणि बोलता बोलता तो डब्यासमोर ठेवला होता. त्या हसण्याच्या जागी कपातली वाफ हलली. डब्यापासून लांब, माझ्याकडे. चहा घेतला तर पिण्याजोगा निवलेला होता.

तेव्हापासून रोज दुपारी मी इथे असतो. ते रेकॉर्डिंग चालू ठेवतो. आताही चालू आहे, तुम्ही आल्यापासून. घड्याळ ऐकताय ना तुम्ही, ते भिंतीवरचं नाही. भिंतीवरचं कधीच काढून टाकलं मी.

बटण का उचलत नाही? त्या खुर्चीवर माणूस नसताना उचललं, तर घरातली जाईल, डब्यातली येईलच असं काही नाही. दोघी गेल्या तर? घरातली ती आत येऊन बसली पाहिजे. मी केवढ्या विनवण्या केल्या. "नको रे, तिथे दम लागतो," म्हणते. बाबा तिच्यावर खूश आहेत. दिवसभर तिच्याशी बोलतात, आणि हल्ली ते फार लवकर थकतात. घास घेता घेता थांबतात. काल मला म्हणाले, "अरे, माझा आवाज तुझ्यापर्यंत पोचतोय ना?" मी हो म्हटलं. त्यांचा आवाज माझ्या मानेमागून आला होता.

आणि सकाळी निघताना ती मला म्हणाली, "ते बटण तसंच आहे ना रे?" मी तिला बटणाबद्दल कधी एक अक्षर सांगितलेलं नाही. म्हणून चिकटपट्टी. म्हणून मिक्सर विकायचा नाही.

आता बोलू नका जरा. ते हसण्याचं ठिकाण आलं... ऐकलंत? आता कपाकडे बघा. वाफ तुमच्याकडे झुकली ना? ती आमची ताई. परक्याच्या चहावरही घालते, अशीच होती ती...

थांबा. हलू नका.

वाफ वळली. बघा... दाराकडे चाललीय. खालच्या फटीकडे.

काही नाही, रोज या वेळेला येते ती, घरातली. आत येत नाही, नुसती बाहेर उभी राहते. ती आहे तोवर तुम्ही तोंडातून शब्द काढू नका. मान हलवा नुसती. आणि चहा घ्या. निवला असेल आता.